वयनीकडचं जेवण

"आमच्या सिंधुदुर्गात कोण उपाशी रवणा नाय. कायतरी काय बोलतंस?"

हे वाक्य माझं आहे. आमच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, फादरांसमोर आणि पंधरा-वीस बायकांसमोर मी ते बोलले. बोलून झाल्यावर आजूबाजूला बघितलंसुद्धा, कोण कोण मान हलवतंय ते. बऱ्याच जणी हलवत होत्या.

मी ज्या मुलीला हे ऐकवलं ती नर्स होती. वय तीसच्या आतबाहेर. आरोग्य शिबिरासाठी ती आत डोंगराकडच्या गावांत चार दिवस फिरून आली होती आणि तिनं तिथे बघितलेलं सांगत होती, की काही घरांत दिवसाला एकदाच चूल पेटते, बाळंतिणींचं वजन वाढायच्या ऐवजी उतरतंय. माझ्या बोलण्यावर ती वाद घालत बसली नाही. "टीचर, मी बघून इलंय," एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

मला राग येण्याचं कारण होतं. ज्या गावांची नावं ती घेत होती त्यातलं एक मला माझ्या माहेरासारखं होतं. फोंडाघाटच्या अलीकडे, सह्याद्रीच्या पायथ्याला चिकटलेलं गाव. बावीस वर्षांची असताना मला शाळेतली पहिली नेमणूक तिथे मिळाली आणि नऊ वर्षं मी तिथेच काढली. मालवणच्या किनाऱ्यावरची, खाऱ्या वाऱ्यात वाढलेली पोर मी. तिथे मला मासे मिळेनात, समुद्र दिसेना. पहिला आठवडा रडून काढला. मग एका शेतकरी कुटुंबानं मला पडवीशेजारची खोली दिली. घरात नवरा-बायको आणि त्यांचा लहान मुलगा. नवऱ्याला मी दादा म्हणायचे आणि बायकोला वयनी.

वयनी माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठ्या, पण माझी आई असल्यासारख्या वागायच्या. आधी मी ख्रिस्तांव म्हणून थोडं अंतर राखलं गेलं, माझं ताट पडवीत यायचं. एका पावसाळ्यात मला ताप आला, आठ दिवस उतरेना. तेव्हा वयनींनी मला उचलूनच स्वयंपाकघरात नेलं, चुलीजवळ चटईवर निजवलं, आणि त्यानंतर माझं ताट पुन्हा कधी पडवीत आलं नाही. त्या वाडीत सगळ्यात जास्त भात पिकायचं ते त्यांच्याकडे. नाताळला मी घरी निघाले की दोदोल ह्या गोड पदार्थासाठी म्हणून वयनी तांदळाची पिशवी माझ्या हातात द्यायच्या. माझी आई म्हणायची, असला तांदूळ बाजारात मिळत नाही.

तर त्या गावात उपासमार? मी नर्सला वेड्यात काढलं, ते यामुळे.

पाऊस वाईट झाला होता, हे मलाही ठाऊक होतं. त्या वर्षी दसरा गेला, दिवाळी तोंडावर आली तरी पाऊस हटेना. कापणीला आलेलं भात आडवं झालं, पाण्यात पडून राहिलं आणि लोंब्यांनाच कोंब फुटले. पुढे ऐन थंडीत मळभ धरलं आणि काजूचा मोहर करपला. हे सगळं मी वाचलं होतं, मोबाइलवर फोटोही बघितले होते. पण किनाऱ्यावर आम्हाला त्याची झळ लागली ती एवढीच, की दिवाळीच्या सुट्टीत पर्यटक कमी आले आणि बाजारात काजूगर महागले. भात गेलं म्हणजे घरातलं जेवण गेलं, हा हिशेब मी, तीसेक वर्षं गणित शिकवलेल्या बाईनं, एकदाही मांडला नाही.

फादरांनी मात्र नर्सचं म्हणणं मनावर घेतलं. ईस्टरआधीचा उपासकाळ चालू होता. दर शुक्रवारी आम्ही मटण-मासे सोडत होतो आणि त्याला उपास म्हणत होतो. त्यातून वाचलेलं लोकांना द्या, असं फादर मिस्साच्या प्रार्थनेत म्हणाले, आणि पंधरा दिवसांत हॉलमध्ये पोत्यांची रास लागली. गव्हाचं पीठ, पांढरा बारीक तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा. सगळ्याची एकेक पिशवी आम्ही बांधली. कुणीतरी कापडी बॅनर छापून आणला. गाव माझ्या ओळखीचं, म्हणून टेंपोबरोबर मी जायचं ठरलं. नर्सही आली. मार्चचे शेवटचे दिवस होते.

आदल्या दिवशी गावात निरोप दिला होता, दहा वाजता शाळेच्या मैदानात या. आम्ही साडेनऊलाच पोचलो. ड्रायव्हरनं बॅनर टेंपोला बांधला. माझी जुनी शाळा बघून मी हरखून गेले होते. नवा रंग लागलेला, बाहेर हात धुवायला नळ. सुट्टीचा दिवस होता, त्यामुळे मुलं नव्हती.

दहा वाजले. साडेदहा झाले. कोणी आलं नाही. एक म्हातारा काठी टेकत आला, त्यानं टेंपोतल्या पिशव्या बघितल्या आणि विचारलं, "कोणाचा लगीन आसा?" आम्ही सांगितलं, लग्न नाही, धान्य वाटायला आलोय. तो "बरा बरा" म्हणाला आणि आला तसा निघून गेला. पिशवी घे म्हटलं तर हातानंच नको म्हणाला.

साडेअकराला मी नर्सकडे बघून म्हणाले, "बघितलंस? गरज असती तर लोक इले नसते?" अजूनही मला वाटत होतं की मी जिंकतेय.

तेवढ्यात शाळेमागच्या पायवाटेनं एक बाई भराभरा चालत आली. जवळ आली तेव्हा ओळखली. माझी विद्यार्थिनी. पाढे म्हणताना डोळे मिटून घेणारी. आता ती अंगणवाडीत सेविका होती, केसांत पांढरं दिसत होतं. ती पाया पडायला वाकली, मी तिला धरलं.

"टीचर, तुमीच काय? माका कोणीतरी सांगल्यानी, मालवणसून टेंपो इलोसा म्हणान." मग तिनं टेंपोकडे बघितलं, बॅनरकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पण हंय कोण येतलो, टीचर? भर मैदानात, सगळ्यांच्या डोळ्यादेखत? मेले तरी येवचे नाय. आधी ता फडका काढा बघू."

"मग काय करूया?"

"घराघरान जावया. मी दाखवतंय. माका म्हायती आसा खंय चूल पेटता आणि खंय नाय ता. पोरांची वजना मीच घेतंय ना."

ड्रायव्हरनं बॅनर सोडून सीटखाली कोंबला. तिनं पिशवीतून आपली वही काढली आणि घरं सांगायला लागली. पहिलं घर ओढ्यापलीकडचं. दुसरं तिच्या स्वतःच्या काकांचं. तिसरं सांगताना ती थांबली. माझ्याकडे न बघता तिनं त्या घराची खूण सांगितली. ज्याच्या पडवीशेजारच्या खोलीत मी नऊ वर्षं राहिले, ते घर.

"ह्या तू चुकीचा लिवलंस," मी म्हणाले.

"चुकला नाय, टीचर."

"अगो, त्यांच्याकडे..." मी पुढे काय म्हणणार होते कोण जाणे. ती नुसती वहीत बघत होती. मी नर्सकडे बघितलं. तीही दुसरीकडे बघत होती.  

मी म्हणाले, त्या घरी मी आधी जाते. पिशवी आत्ता नको, आधी भेटून येते. नर्स माझ्याबरोबर आली.

चालताना मला धीर येत गेला, कारण घर दिसलं ते चांगलं होतं. पूर्वी कौलं होती, आता पुढच्या भागावर स्लॅब. दरवाजाला हिरवा रंग, छपरावर टीव्हीची तबकडी, खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, झाकून ठेवलेली मोटरसायकल. खळं शेणानं स्वच्छ सारवलेलं. मी मनात म्हटलं, वहीत नक्की काहीतरी गफलत आहे.

मग वयनी बाहेर आल्या.

मी त्यांना सहा वर्षांनी बघत होते. ब्लाऊजच्या बाह्या दंडावरून लोंबत होत्या. हसल्या तेव्हा गालाची हाडं वर आली. पण आवाज तोच. "गो बाय माझ्या! तू खंयसून इलंस? आणि फोन नाय, काय नाय!" त्यांनी माझे दोन्ही गाल धरले, आणि मी काही बोलायच्या आत आत वळल्या. "बस. जेवल्याशिवाय जावचा नाय."

"वयनी, नको. आमी नाश्तो करून इलोंव."

"गप बस."

दादा पडवीत खाटेवर बसले होते. ते उठले, पुन्हा बसले. सून दारात आली, कडेवर वर्षाच्या आतलं बाळ, चेडू, म्हणजे मुलगी. ओळख करून दिल्यावर ती हसली आणि बाळाला दादांकडे देऊन मागच्या दारानं बाहेर गेली. तिच्या हातात टोप होता. मला वाटलं शेजारून दूध आणायला चालली असेल.

दादा बोलत राहिले. त्यांना मी विचारत होते आणि ते उत्तर देत होते, शाळेतल्या मुलानं द्यावं तसं. मुलगा बांद्यापलीकडे गोव्यात एका कारखान्यात कंत्राटावर होता. कंत्राट संपलं. आता दुसरीकडे रोजावर जातो, खोलीचं भाडं आणि खाणं भागलं की उरलं तर पाठवतो. मी रेशनचं विचारलं. त्यांचं कार्ड केशरी. मुलगा नोकरीला म्हणून कधीतरी झालं ते झालं, त्यावर धान्य येत नाही. कार्ड बदलायला अर्ज दिलाय. काजूचं विचारलं तर ते नुसते डोंगराकडे बघून म्हणाले, "पोटापुरते पण नाय गावले." हे सगळं ते अशा सुरात सांगत होते, की मला ते हवापाण्याच्या गप्पांसारखं वाटलं. मी "अरे रे" म्हणत होते. सून परत आली. टोप तिनं अंगाशी धरला होता, आत काय आहे ते मला दिसलं नाही.

पाऊण तासानं वयनींनी हाक मारली. दोन पाट मांडले होते. नर्स दारातच थांबली. "वयनी, माझो आज उपास आसा," ती म्हणाली. मला आश्चर्य वाटलं, कारण त्या दिवशी शुक्रवार नव्हता. ही मुलगी किती देवभोळी, असंही मनात आलं. मी एकटीच बसले.

"तुमी?" मी वयनींना विचारलं.

"आमी आत्ताच जेवलो गो. तू खा."

ताटात तांबडा जाडा भात, कुळथाची पिठी, लोणच्याची एक फोड. पहिला घास घेतला आणि मी पुन्हा बावीस वर्षांची झाले. तीच चव. हा त्यांच्या स्वतःच्या शेतातला तांदूळ होता, आईला आवडायचा तो. मी आसुसून खात होते. वयनी समोर बसून माझ्याकडे बघत होत्या. "वाढू?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "वाढा वयनी, किती वर्सांनी गावता." त्यांनी टोपात पळी घातली. टोपाच्या बुडाला ती खरवडल्याचा आवाज झाला. तो आवाज मी ऐकला. ऐकूनही मी हात पुढे केला.

आणि मग, खाता खाता, मनापासून आनंद होऊन मी म्हणाले, "म्हणजे तुमचा भात वाचला तर! माका उगाच भिती घातल्यानी."

 दादा बाळाला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. दादांना खोटं बोलता यायचं नाही, कधीच आलं नाही.

"वाचला खंय?" ते म्हणाले. "बियाची मुडी फोडली आमी."

आमच्याकडे ज्यानं शेती बघितली आहे त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या वर्षीच्या पेरणीचं भात पेंढ्यात गुंडाळून, दोरीनं आवळून बांधतात, ती मुडी. ती माळ्यावर राहते आणि पेरणीच्या दिवशीच सुटते. दादाच मला सांगायचे, घराक आग लागली तर आधी गुरां सोडायची, मग मुडी काढायची, मग माणसां आपल्या पायान येतत. बाकी सगळं भात पावसात कुजलं तेव्हा वरच्या भरड जमिनीवरचं थोडं आधी कापलेलं म्हणून हाती लागलं होतं. तेवढ्याची एक मुडी बांधली होती. ती त्यांनी गेल्या महिन्यात फोडली. कांडून, मोजून, रोज मूठमूठ पेजेला लावत होते. त्या दिवशीची मूठ, आणि बहुतेक दुसऱ्या दिवशीचीही, माझ्या ताटात होती. आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

माझा हात ताटातच राहिला. भात संपलेला होता. थोडा जरी उरला असता तरी मी काय करणार होते? परत टोपात टाकणार होते? मी वयनींकडे बघितलं. त्या दादांकडे बघत होत्या, आणि तसा राग मी त्यांच्या चेहऱ्यावर नऊ वर्षांत कधी बघितला नव्हता.

"तुका कोणी इचारलानी?" त्या दादांना म्हणाल्या. मग मला, "तू हात धुव गो. ऊन झाला, तुका जावचा आसात."

मी मागच्या दारी जाऊन हात धुतले. धुतच राहिले. नर्स बाहेर पायरीवर बसली होती. सुनेचं मनगट तिच्या हातात होतं, दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे ती बघत होती. शेजारी सुनेनं नेलेला तो टोप होता. रिकामा, कोरडा.

एव्हाना टेंपो खळ्याखाली येऊन थांबला होता. माझ्या विद्यार्थिनीनं आणि ड्रायव्हरनं पिशवी उचलून पायरीपर्यंत आणली. वयनी बाहेर आल्या, पिशवी बघितली, आणि त्यांना सगळा उलगडा झाला. मी सहज भेटायला आलेली नव्हते. मी वाटायला आले होते.

"ह्या माका नको," त्या म्हणाल्या.

"वयनी..."

"माझ्यापेक्षा गरीब आसत गावात. त्यांका दी. तू माझ्याकडे पावणी म्हणान इलंस, जेवलंस, झाला."

मी काहीबाही बोलले. तुमच्या घरचं अन्न मी नऊ वर्षं खाल्लं, असंही म्हणाले. ते वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच मला नाटकी वाटलं. वयनी हलल्या नाहीत. दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या. मी रडायला लागले. मदत करायला आलेली बाई रडतेय आणि उपाशी बाई तिच्याकडे बघतेय, असं ते दृश्य होतं.

तेव्हा सून पुढे आली. लग्नाला दोन वर्षं झालेली मुलगी, सासूसमोर मोठ्यानं बोलत नसावी. तिनं दादांच्या हातातून बाळ घेतलं, वयनींच्या हाताखालून वाकून बाहेर आली आणि पिशवीचं तोंड धरलं.

"आई, तुमी नको म्हणा. मी घेतलंय. चेडू माझा आसा."

 वयनींनी चौकटीवरचे हात काढले आणि त्या आत गेल्या.

सुनेनं पिशवी उघडून बघितली. मग माझ्याकडे वर बघून तिनं विचारलं, "टीचर, हेच्यात उकडे तांदूळ आसत? चेडवाक पेज घालूची आसा."

नव्हते. बारीक पांढरा तांदूळ होता, ज्याची पेज धड होत नाही, आणि गव्हाचं पीठ होतं. जन्मभर पेज पिऊन वाढलेल्या आम्ही वीस बायकांनी बसून ती यादी केली होती, आणि पेजेचा तांदूळ कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. परक्या मुलखातल्या कोणासाठी तरी भरावी तशी आम्ही ती पिशवी भरली होती. "पुढल्या खेपेक हाडतंय," मी म्हणाले. पुढची खेप ठरलेली नव्हती. ते मी तिथेच, त्या पायरीवर ठरवलं.

राहिलेली घरं आम्ही केली. कुठे पिशवी मागच्या दारानं आत गेली, कुठे अंगणात ठेवून आम्ही नुसतेच निघालो. ओढ्यापलीकडच्या म्हाताऱ्या बाईचं कार्ड धान्याचं होतं, पण रेशन दुकानाच्या मशीनवर तिचे ठसे उमटत नव्हते. अंगठा गुळगुळीत झालेला. तिनं तो मला वर करून दाखवला.

परतताना नांदगावला ड्रायव्हर चहाला थांबला. मी टेंपोतून उतरले नाही. नर्स माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि शेजारी बसली.

"तुका कळला होता," मी तिला म्हणाले. "म्हणान तू जेवलंस नाय."

"टोप घेवन ती भायर गेली ना, तेव्हाच कळला. शेजारी तांदूळ मागूक गेल्ली. माझ्यासाठी."

"मग माका कित्याक सांगलंस नाय?"

 "टीचर, तुमी किती आवडीन बसलात. आणि त्या पण किती आवडीन वाढी होत्या. माका सुचाक नाय."

तिनं मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

रविवारी मिस्सा संपल्यावर मी फादरांना विचारून उभी राहिले. घराचं नाव, गावाचं नाव न घेता मी सगळं सांगितलं. मी काय म्हणाले होते ते, मी काय खाल्लं ते, दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेसुद्धा. नर्सची मी तिथेच सगळ्यांसमोर माफी मागितली. ती बिचारी लाजून खाली बघत राहिली. बाकांवरून एकही आवाज आला नाही. आमच्या चर्चमध्ये लोक एवढे गप्प फक्त मयताला असतात.

दुसऱ्या खेपेला आम्ही उकडे तांदूळ नेले, आणि कुळीथ, आणि सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी. बॅनर नव्हता. वाटण्याचं सगळं माझ्या विद्यार्थिनीच्या हाती दिलं, कारण कुठल्या दारानं जायचं ते तिला कळत होतं. त्या खेपेला वयनी मला भेटल्या नाहीत. काजूच्या बागेत गेल्यात, असं सून म्हणाली. मला ते खरं वाटलं नाही, आणि मी वाट बघत थांबलेही नाही.

पण पोटात आणखी एक काळजी होती. मुडी खाऊन झाली, तर पेरणार काय? एप्रिलमध्ये मी आमच्या बाजूच्या शेतकरी घरांतून फिरले. वाडीवाडीतून. हिंदूंच्या, ख्रिस्तांवांच्या. धान्य मागताना मला संकोच वाटला होता, बियाणं मागताना वाटला नाही, आणि देणाऱ्यांनीही एका शब्दानं विचारलं नाही. एका म्हाताऱ्यानं तर आपल्या दोन मुड्यांपैकी एक सरळ टेंपोत टाकली. म्हणाला, "बियाक नाय म्हणूचा नसता." तसं तांबडं भात मात्र कोणाकडे नव्हतं. वयनींकडचं ते वाण त्या वाडीत त्यांच्याकडेच राहिलं होतं, आणि आता तिथेही नव्हतं. मी ज्या दिवशी जेवले त्या दिवशी त्यातलं काही माझ्या पोटात गेलं. ह्याचा धक्का मला उशिरा बसला, आणि तो अजून उतरलेला नाही.

मेच्या शेवटी बियाणं घेऊन गेलो तेव्हा वयनी खळ्यात उभ्या होत्या. मी खालूनच थांबले. त्यांनी हात करून वर बोलावलं. मुडी त्यांनी स्वतः उतरवून घेतली, हातानं चाचपली, दोरी बघितली. "खंयचा?" विचारलं. मी गाव सांगितलं. "बी घेवक लाज नाय," त्या म्हणाल्या, जणू मीच काही म्हणाले होते. "बी सगळेच एकमेकांकडसून घेतत." मग, दुसरीकडे बघत, "त्या दिवशी तू येतलंस म्हणान आधी सांगूक होया होता. मी कायतरी केला असता."

"काय केला असतात, वयनी?"

 चहा ठेवते म्हणाल्या. मी हो म्हटलं. आता नाही म्हणण्याची पाळी माझी नव्हती, एवढं मला कळलं होतं.

जुलैत लावणीला मी एसटीनं गेले. मुलगा गोव्यातून आला होता. कार्ड अजून बदललं नव्हतं, पण त्याला कंत्राट पुन्हा मिळालं होतं. मला गुडघाभर चिखलात उभं करून वयनींनी तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या पुढे द्यायचं काम दिलं. मी दोनदा आपटले. दुसऱ्या वेळी त्या हसल्या, कंबरेवर हात ठेवून, अगदी पोट धरून. दुपारी बांधावर सुनेनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. माझ्या विद्यार्थिनीनं आणलेल्या अंगणवाडीच्या वजनाच्या कार्डावर रेघ वर गेली होती. फार नाही, थोडी. मी ते कार्ड ओल्या हातात धरून पुन्हा पुन्हा बघत राहिले, शेवटी माझी विद्यार्थिनी ओरडली, "टीचर, शाई जातली!"